काळूबायचे आवतण

ज्या गाण्यात नदी पायी चालत लग्नाला येते, ते गाणे मी एकदा मध्येच थांबवले. पुढे त्या गाण्याविषयी मी एक लेख लिहिला. तो एका मासिकाने छापला. त्यात एक वाक्य असे आहे : ‘काही कारणाने गायनात खंड पडला, नंतर ते पुन्हा आरंभापासून गायिले गेले.’ ते ‘काही कारण’ मी होतो. लेखात हे लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही. आज पन्नाशी ओलांडल्यावर तो दिवस जसा घडला तसा सांगतो. सांगताना मनात लाज आहे, आणि तरीही ती सकाळ आठवली की अजून मन हरखते, हेही कबूल केले पाहिजे.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. मुरबाड तालुक्यात काळू नदीच्या काठच्या एका गावात मी एकशिक्षकी शाळा चालवीत होतो. त्याआधी दोन वर्षे शहापुराकडे, भातसा नदीच्या काठी होतो, आणि टिपणे घेण्याचे वेड मला तिथेच लागले. भर श्रावणात एक म्हातारा वाळक्या भोपळ्यांची सांगड छातीखाली घेऊन भातसा ओलांडायला निघाला होता. पाण्यात शिरण्याआधी त्याने बोट बुडवून कपाळाला पाण्याचा टिळा लावला. मी कारण विचारले. तो म्हणाला, “वळख द्यावी लागती, मास्तर. कोन चाललाय ते तिला कळाया नको?” आणि मी काही बोलण्याआधी तो धारेला लागलासुद्धा.

त्या संध्याकाळी शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पाठीवर मी ते वाक्य लिहून काढले. दुसऱ्या दिवशी दुसरे, तिसऱ्या दिवशी तिसरे. मग मला थांबवेना. कोणत्या डोहात कोण कधी जाळे टाकत नाही, मासे धरण्याच्या बांबूच्या सापळ्याचे तोंड कोणत्या दिशेला ठेवतात, नवी सून पहिल्यांदा पाण्याला जाते तेव्हा नदीला काय देते, हे सगळे मी लिहू लागलो. रविवारी किन्हवलीच्या बाजाराला निघालो की वाटेतल्या प्रत्येक पाणवठ्यावर थांबायचो आणि बाजार उठल्यावर पोहोचायचो. कागद मिळत नसे. मी बारीक अक्षर काढायला शिकलो. एखादी नवी गोष्ट हाती लागली की रानातून परत येताना मी अक्षरशः पळत येई, ती विसरण्याच्या भीतीने आणि आनंदानेही.

धवल्याविषयी, म्हणजे लग्नविधींच्या गाण्यांविषयी, मला मुरबाडकडे आल्यावर कळले. तिथल्या शेतकरी घरांतून लग्न लावायला भटजी क्वचितच येत. लग्न लावते ती धवलारीण. मांडवाचा खांब रोवण्यापासून नवरी उंबरठा ओलांडेपर्यंत प्रत्येक कृतीचे एक गाणे असते. ते धवलारीण म्हणते आणि तिची जोडीदारीण प्रत्येक ओळ मागून उचलते. या सगळ्या गाण्यांत पहिले गाणे नदीचे. माणसांना आवतण जाण्याआधी ते काळूला जाते. दोन्ही गावांच्या बायका नदीवर उतरतात, गाणे होते, आणि त्या पाण्याची एकेक घागर नवऱ्याच्या आणि नवरीच्या मांडवात नेली जाते. त्या घागरीतून नदी लग्नाला बसते, अशी समजूत.

पण मला वेड लागले ते त्यातल्या एका गोष्टीचे. गाण्यात नदी कड्याच्या पायथ्याशी उठते आणि एकेक उतार पार करीत मांडवाकडे चालत येते. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी जागा. असे अकरा उतार गाण्यात आहेत, आणि प्रत्येकाबरोबर त्याची खूण आहे. कोणत्या उताराला पौष सरल्याशिवाय पाय टाकू नये, कोठे गाडी जाते, कोठे तळच्या खडकात पाण्याने रांजणासारखे खड्डे कोरले आहेत म्हणून पोर कडेवर घ्यावे. हे ज्या रात्री मला उमगले त्या रात्री मला झोप आली नाही. सरकारी नकाशात काळू ही एक निळी रेघ होती, आणि या बायकांच्या तोंडी तिची पावले होती!

गावात धवलारीण एकच होती. ती साठीच्या पलीकडची, समोरचे दात गेलेली, तंबाखूची मिसरी लावणारी, अत्यंत हजरजबाबी बाई होती. मी तिच्या ओटीवर जाऊन म्हणालो, “आजी, नदीचं गाणं एकदा म्हणून दाखवा. मी लिहून घेतो.”

“मांडवाबायेर धवला?” ती म्हणाली. “आन लगीन कुनाचं लागंल? तुमचं?”

ओटीखाली भात कांडणाऱ्या बायका मुसळे थांबवून हसल्या. मी अविवाहित होतो आणि मला छळायला सगळ्या गावाला एवढे पुरेसे होते.

“लगीन असंल तवा या,” ती पुढे म्हणाली, “आन त्यो तुमचा कागूद आना. चार बुकं शिकलेल्या मानसाला ध्येनात ठेवाया कागूद लागतो, आमाला इड्याचं पान पुरतं.”

तिच्या मागे तिची सून उभी होती. तिशीची, सावळी, कमी बोलणारी. दहा वर्षे ती सासूच्या मागून ओळी उचलत होती. म्हातारीला आता दम पुरत नव्हता. पुढच्या लग्नसराईपासून सुनेने पुढे म्हणायचे, असे घरात ठरले होते. पण घरात ठरून उपयोग नसतो. धवलारीण होते ती ज्या घरी लग्न आहे त्या घरच्या बाईने तिच्या हातावर सुपारी ठेवली म्हणजे. ती सुपारी आजवर म्हातारीच्याच हातावर पडत आली होती. सुनेला ती मिळाली नाही तर गाणे म्हातारीबरोबर जाणार होते, कारण दुसरी कोणी शिकलेली नव्हती. हे मला ठाऊक होते. मी ते माझ्या टिपणांत लिहिलेही होते, म्हणून माझा अपराध अधिक मोठा आहे.

वैशाखाच्या मध्यावर माझ्या बदलीचा हुकूम आला. आटगावच्या बाजूला जायचे होते. आणि त्याच आठवड्यात गावात सराईतले शेवटचे लग्न निघाले. नवरी आमच्या गावची, नवरा नदीपलीकडच्या गावचा. नवरीच्या बापाने शाळेत येऊन मला नदीवर गाणे ऐकायला बोलावले तेव्हा मी इतका हरखलो की त्याला बसायला सांगायचे राहून गेले.

त्या सकाळी मी उन्हे वर येण्याआधीच नदीवर जाऊन बसलो. पेन्सिलीला नवे टोक काढले होते. हजेरीपटाचे कागद शिवून वही केली होती. थोड्या वेळाने आमच्या काठाने बायका उतरल्या, हिरवी लुगडी, डोक्यावर हळद लावलेली घागर, पुढे ढोलकीवाला. पलीकडच्या काठाने नवऱ्याकडच्या बायका उतरल्या. त्यांच्या पुढे नवऱ्याची आत्या होती, उंच, रुंद, नाकात भलीमोठी नथ. मधले पाणी गुडघ्याएवढे. दोन्ही काठांवरून शब्दांची फेकाफेक सुरू झाली.

“काय गो, घागर एवढीशी? नवरीसारखीच हाय का?”

“एवढीशीच बरी! तुमच्या नवऱ्याला उचलायची हाय नं ती!”

हशा पाण्यावरून इकडून तिकडे गेला. मी भराभर लिहीत होतो. इतके सुख मला क्वचितच झाले असेल. म्हातारी पाण्यात शिरली, एका सपाट दगडावर तिने विड्याची पाने मांडली, हळदकुंकू वाहिले, आणि हात वर केला. एकदम शांतता झाली.

“ऊठ गो काळूबाय, कड्याच्या पायथ्याशी,
तुला आवतान हाय, आमच्या मांडवासी.”

सुनेने ओळ उचलली. म्हातारीचा आवाज फाटका होता, सुनेचा भरलेला. एक ओळ टाकीत होती, दुसरी झेलीत होती, आणि खरोखरच कोणी पावले टाकीत यावे तसे गाणे वरून खाली येऊ लागले. जांभळीचा उतार आला. रांजणांचा आला. घोडेपाण्याचा आला, ‘पूस सरल्याबिगर गो बाय, पाऊल नको टाकू’.  मी सुनेच्या मागे हातभर अंतरावर एका दगडावर उभा होतो. चौथा, पाचवा, सहावा. सातव्या उताराची ओळ म्हातारीने टाकली आणि माझ्या पेन्सिलीचे टोक कडकन मोडले.

वडील माझे भिक्षुक होते. होम चालू असताना मंत्रामध्येच ते ‘पळी इकडे दे’, ‘पाणी सोडा’ असे सांगत आणि पुढचा मंत्र जिथून सुटला तिथून धरीत. पवित्र शब्दाला मध्ये थांबवता येते, हे मी लहानपणापासून पाहिले होते. त्यामुळे माझ्या तोंडून सहज गेले, “थांबा, थांबा जरा!”

माझा आवाज जन्मतःच हळू आहे. तो फक्त सुनेने ऐकला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले, आणि ओळ खाली पडली.

पाण्याचा खळखळाट तेवढा राहिला. म्हातारीचा हात वरच्या वर थांबला होता.

“मोडला!” पलीकडून आत्या ओरडली. “धवला मोडला! नदी उभी ऱ्हायली!”

मला त्याच क्षणी कळले. गाणे ही नदीची चाल होती. ते थांबले म्हणजे नदी सातव्या उताराला थांबली. पुढे बोलावणारे कोणी नाही आणि नदी मागे जाऊ शकत नाही. अशा अर्धवट आवतणावर भरलेले पाणी कोणत्याच मांडवात नेता येणार नव्हते.

“कुनी मोडला?” कोणीतरी विचारले.

“कुनी म्हंजे? ही बघा की, हिनंच! सासूनं टाकलं, हिनं उचललंच नाय. इकडंतिकडं बघत व्हती.” आत्याने पाण्यात दोन पावले पुढे टाकली. “हिला उद्या पुडं करनार व्हता ना तुमी? हिच्या तोंडचं आवतान आमच्या मांडवाला नको. आमी रिकामी घागर घेऊन जातो. लगनाचं काय ते बाप्ये बघतील.”

नवरीची आई मटकन वाळूत बसली. सुनेने माझ्याकडे एकदा पाहिले. त्या नजरेत आरोप नव्हता, राग नव्हता. तिने नुसते पाहिले आणि डोळे खाली घेतले. मास्तर हा गावाचा पाहुणा, त्याचे नाव चारचौघांत घ्यायचे नसते, एवढाच तिचा हिशेब असावा.

आणि मी गप्प राहिलो.

किती वेळ, हे मी अनेकदा मोजून पाहिले आहे. दगडावरून एक विड्याचे पान सुटून पाण्यात पडले होते. ते वाहत वाहत शेवाळलेल्या दुसऱ्या दगडापर्यंत गेले, तिथे अडकले, फिरले आणि सुटले. तेवढा वेळ. त्या वेळात माझ्या मनात काय होते तेही सांगतो. मी विचार करीत होतो, की आता बोललो तर मला इथून हाकलतील आणि उरलेले चार उतार मला कधीच मिळणार नाहीत. एक बाई माझ्यापुढे आपली जागा गमावत होती, ती ज्या गाण्याची शेवटची शिकलेली होती ते गाणे तिच्याबरोबर बुडत होते, आणि मी चार ओळींची काळजी करीत होतो. मी त्या लोकांच्या चालीरीती जतन करायला निघालो होतो!

पान सुटून पुढे गेले तेव्हा मी म्हणालो, “मी थांबवलं.”

कोणी ऐकले नाही. सगळ्या एकदम बोलत होत्या. मी पुन्हा म्हणालो. मग, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, मी ओरडलो, “तिनं नाही! मी थांबवलं! मी!”

दोन्ही काठ माझ्याकडे वळले.

“तुमी?” आत्या म्हणाली. “तुमी कशाला वो थांबवलं?”

खरे कारण सांगण्यावाचून इलाज नव्हता. “पेन्सिलीचं टोक मोडलं,” मी म्हणालो.

क्षणभर कोणालाच काही समजले नाही. मग पलीकडच्या काठावरून एका मुलीचे हसू फुटले. आत्याने तिच्याकडे डोळे वटारले, पण तिच्या स्वतःच्याच नथीखाली ओठ हलू लागले होते.

“पेन्सिलीचं टोक मोडलं म्हनून,” ती एकेक शब्द तोलीत म्हणाली, “एवडी नदी उभी केली का रं बाबा?”

मग जो हशा उठला तो मी विसरणार नाही. ढोलकीवाला पोट धरून दगडावर बसला. मी मान खाली घालून उभा होतो. मला त्या हसण्याची लाज वाटत होती, आणि त्याच वेळी ते हसणे थांबू नये असेही वाटत होते, कारण हसणाऱ्या आत्याच्या हातात रिकामी घागर होती आणि ती काठाकडे वळत नव्हती.

म्हातारी हसली नव्हती. तिने सगळ्यांना गप्प होऊ दिले.

“नदी सातव्या उताराला उभी हाय,” ती म्हणाली. “ज्यानं उभी केली त्यानं आनावी. मास्तर, पेन्सिल ठेवा खाली. धोतर वर करा, पान्यात या.”

मी पाण्यात उतरलो.

“आता पयल्यापास्नं म्हनायचं. माजा दम सरला. म्हननार माजी सून. आन उचलनार मास्तर.” मग तिने पलीकडे पाहिले. “चालंल का, गो आत्या? का मास्तरला आजून येक शिक्षा देऊ?”

म्हातारीची चतुराई माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला. ज्यांनी सुनेला नाकारले त्यांच्याच समोर, भर पाण्यात, ती तिला पुढे उभी करीत होती, आणि ते त्यांना पटावे म्हणून तिने आधी मला शिक्षा दिली होती. आत्याने नथ सावरली. “म्हना,” ती म्हणाली. “मास्तरचा गळा तरी ऐकू.”

सून पुढे आली.  तिने डोळे मिटले आणि ओळ टाकली, “ऊठ गो काळूबाय.” मी उचलली. माझा स्वर इतका वर गेला की दोन पोरींनी पदर तोंडात घातले. दुसऱ्या ओळीला मी खाली आलो. तिसरीला म्हातारीने माझ्या पाठीत एक बोट खुपसले, “दमानं, पळतोस कुटं? नदी म्हातारी हाय.” बहुधा रागाच्या भरात ती मला ‘तुमी’ म्हणायची विसरली. मला ते फार गोड वाटले.

जांभळीचा उतार. रांजणांचा. घोडेपाण्याचा. सून एकेक पाऊल टाकीत होती आणि मी तिच्या पावलावर पाऊल ठेवीत होतो, आणि हळूहळू असे झाले की मला पुढची ओळ ऐकायची घाई राहिली नाही. आलेली ओळ पुरी करायची, एवढेच काम होते. सातवा उतार आला. सुनेने ओळ टाकताना एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिले. मी ती उचलली. पलीकडून कोणीतरी “चालली गो, चालली!” म्हणून ओरडले, आणि मग दोन्ही काठांच्या बायका आमच्या मागून म्हणू लागल्या. आठवा, नववा, दहावा.  ढोलकी घुमत होती, पाणी पायांना लागत होते, आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून मला खरोखर वाटले, की वरून कोणीतरी चालत येत आहे. अकरावा उतार आमच्या गावचाच होता. सुनेचा आवाज तिथे असा चढला, की म्हातारीने हात जोडले.

घागरी भरल्या. आमच्या घागरीखाली नवरीच्या आईने हात दिला, तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. मी बाजूला होऊन माझी वही उचलत होतो. तेवढ्यात पाणी ओलांडून आत्या आमच्या काठाला आली. तिच्या कडेवर भरलेली घागर होती. ती सुनेसमोर उभी राहिली.

“मगाशी म्हनले ते म्हनले,” ती म्हणाली. “मला काय ठावं, हे शिकलेलं मानूस तुज्या मागं उभं व्हतं ते?”

 म्हातारी म्हणाली, “त्याला लय झालं आता. सोड त्याला.”

आत्याने कनवटीला हात घातला. सुपारी काढून ती सुनेच्या ओल्या तळहातावर ठेवली.

“माघात माज्या धाकट्याचं लगीन हाय,” ती म्हणाली. “मांडवाच्या खांबापास्नं तूच म्हनायचं. सासूला येऊंदे, बसून खाऊंदे.” मग तिने माझ्याकडे वळून पाहिले. “आन तुमी, मास्तर, तुमी सुदीक या. आमच्याकडं उचलनारी कुनी नाय.”

सुनेने सुपारी मुठीत घट्ट धरली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. गाठ पक्की बसली की नाही हे तिने दोनदा ओढून पाहिले.